सुनंदाच्या नावावर चारशे बारा

गेल्या अडीच वर्षांत आमच्या कंपनीच्या हिशेबात चारशे बारा वेळा फेरफार झाले आणि ते सगळे मी केले. हे मी म्हणत नाही, संगणक म्हणतो. आणि संगणक कधी खोटं बोलत नाही, असं आमचे मालक हर्षलशेठ बँकेच्या लोकांना छातीवर हात ठेवून सांगत होते. शेजारी बसलेला चेतन मान डोलवत होता. चेतन आमचा अकाउंट्स मॅनेजर. त्या चारशे बारांपैकी चारशे अकरा त्यानेच केले होते, पण मान डोलवायलाही अंगात काही असावं लागतं.

मी सुनंदा. मूळची गुहागरकडची. आमचे हे, विश्वनाथ, इथल्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागले आणि त्यांच्यामागून मी सिल्वासात आले. जवळच्याच मसाटच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला लागले, त्याला सव्वीस वर्षं झाली. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. पाण्याच्या, तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेव्हा हातात पडणार होती ग्रॅच्युइटी, पावणेपाच लाखांच्या आसपास, आणि त्यातून आमलीतल्या आमच्या दोन खोल्यांचं उरलेलं कर्ज फिटणार होतं. दुसरं काही मी कमावलेलं नव्हतं. हो, नाव कमावलं होतं. त्या नावाचं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

हर्षलशेठचे वडील, म्हणजे मोठे शेठ, दिवाळीला चोपडीपूजन थाटात करत. मी लागले त्या वर्षी त्यांचा मुनीम आजारी पडला म्हणून नव्या वहीतली पहिली ओळ मला लिहायला सांगितली. आठ दिवसांत एका तेलवाल्याची मोठी ऑर्डर आली. झालं! ‘‘सुनंदाबेननो हाथ शुकनियाळ छे,’’ म्हणजे माझा हात शुभशकुनाचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. त्यानंतर दर वर्षी पहिली ओळ माझी. लाभपंचमीला पेढ्यांचा एक वेगळा पुडा माझा. तेलवाला पुढे तीन वर्षांत बुडाला आणि आमचे चार लाख घेऊन बुडाला, पण तो दोष माझ्या हाताचा धरला गेला नाही.

वह्या जाऊन संगणक आला तेव्हा मोठ्या शेठनी त्याच्या झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, अक्षता वाहिल्या. त्यातल्या दोन अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या आणि पुढे दीड वर्ष एक अक्षर जोरात दाबावं लागे. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने विचारलं, काम करणाऱ्याचं नाव काय टाकू? शेठ म्हणाले, सुनंदा टाका. तेव्हा काम करणारी मी एकटीच होते, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. मग माणसं वाढली. खरेदी बघणारा आला, पगार बघणारी आली, शेवटी मॅनेजर म्हणून चेतन आला. नाव मात्र एकच राहिलं. जो कोणी खुर्चीत बसेल तो सुनंदा. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. हाऊसकीपिंगवालीलासुद्धा तो पाठ होता.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलपासून सरकारने नियम केला की, कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. कोणी केला, कधी केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. आणि ही नोंद, म्हणजे लॉग, कुणाला बंद करता येता कामा नये. वापीहून एक माणूस नवं सॉफ्टवेअर बसवायला आला. भला माणूस होता. त्याने हर्षलशेठना समजावून सांगितलं, ‘‘सर, आता प्रत्येकाचं वेगळं नाव करा, नाहीतर पुढे गोंधळ होईल.’’

हर्षलशेठ तेव्हा नुकतेच कसला तरी मॅनेजमेंटचा कोर्स करून आले होते आणि त्यांना सगळ्याचं उत्तर येत होतं. ‘‘अरे भाई, आपलं फॅमिली वातावरण आहे. वेगळं वेगळं नाव केलं तर भरोसा कुठे राहिला? आणि पप्पांचं शुकन आहे ते. चालतंय ते मोडायचं कशाला?’’

मी तिथेच उभी होते. मीही सांगू शकले असते की, शेठ, तो बरोबर बोलतोय. नाही सांगितलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. पासष्ट माणसांच्या कारखान्यात पडद्यावर रोज सकाळी माझं नाव येतं, त्या नावावाचून कुणाचं पान हलत नाही, याचा मला गर्व होता. असा गर्व करण्याइतकी मी मूर्ख होते.

आता महिनाअखेरीचा विधी. बँक आम्हाला गोदामातल्या मालावर कर्ज देते. माल जास्त तर कर्ज जास्त. आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला किती माल आहे ते बँकेला कळवावं लागतं. त्या दिवशी दुपारी साधारण चारच्या सुमाराला चेतन माझ्या टेबलापाशी येई आणि फार मायेने म्हणे, ‘‘मॅडम, सकाळपासून बसलायत. जरा चहा घेऊन या ना.’’ मी चहा घेऊन येई. वीस मिनिटांत आमच्या गोदामात पंचवीस-तीस टन दाणा येऊन पडलेला असे. दाणा म्हणजे झाकणं ज्यापासून बनतात तो प्लॅस्टिकचा कच्चा माल. ट्रक नाही, हमाल नाही, वजनकाटा नाही. आणि दोन तारखेला दुसऱ्या चहाच्या वेळी तो आल्या वाटेने निघूनही जाई. एवढ्या गुपचूप माल हलवणारा वाहतूकदार सबंध मसाटमध्ये दुसरा नव्हता.

मला कळत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं हिशेब लिहिणारीला एका चहात तीस टन वाढलेले दिसतात. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून मी चहा प्यायले. त्या अडीच वर्षांत मी कारखान्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त चहा प्यायले असेन, आणि आता त्याची लाज वाटते.

हे असंच माझ्या निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण हर्षलशेठना दुसरा कारखाना टाकायचा होता आणि त्यासाठी बँकेकडून नऊ कोटी हवे होते. बँकेवर छाप पडावी म्हणून त्यांनी सुरतेच्या दोन मुलांकडून एक नवी चीज विकत घेतली. तिचं नाव ‘सत्यमित्र’. ही कृत्रिम बुद्धी म्हणे हिशेबाच्या पोटात शिरते, प्रत्येक बदल वाचते आणि प्रत्येक माणसाला प्रामाणिकपणाचे शंभरपैकी गुण देते. आमच्याकडे नैसर्गिक बुद्धीचा तुटवडा होताच, त्यामुळे कृत्रिम आली हे चांगलंच झालं म्हणायचं.

बसवताना तिने शेठना वीसेक प्रश्न विचारले. ही माहिती वाचू का? ती माहिती साठवू का? अहवाल आपोआप पाठवू का? कर्ज देणाऱ्या बँकेलाही पाठवू का? शेठ त्या वेळी फोनवर बोलत होते. नंतर त्यांनीच कपाळाला हात लावून सांगितलं, ‘‘बधामां यस करी दीधुं.’’ म्हणजे सगळ्यालाच हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर एक हसरा चेहरा आला. खाली लिहिलं होतं : ‘सुनंदा, तुम्ही थकला आहात का? गेल्या ३१ तारखेला तुम्ही एका मिनिटात अकरा नोंदी बदलल्यात. तुमचा प्रामाणिकपणा : १०० पैकी ३.’ एवढा वेग माझ्या बोटांना लग्नाआधीही नव्हता. ते तीन गुण कशाबद्दल दिले तेही मला आजवर कळलेलं नाही.

तोच अहवाल बँकेत गेला. बँकेला आपल्या नऊ कोटींची काळजी वाटली आणि तिने तपासणीसाठी मुंबईच्या एका ऑडिट फर्मला नेमलं.

तपासणीची तारीख ठरली तसं मला केबिनमध्ये बोलावलं. हर्षलशेठनी स्वतः उठून खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चेतनने एक छापलेलं पत्र पुढे सरकवलं. त्यात मी लिहिलं होतं, म्हणजे मी लिहिलं आहे असं त्याने लिहिलं होतं, की वय आणि दृष्टिदोषामुळे माझ्याकडून अनवधानाने काही नोंदी चुकल्या आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे.

‘‘काही नाही सुनंदाबेन, फक्त फॉर्मॅलिटी,’’ हर्षलशेठ म्हणाले. ‘‘तुम्ही घरच्या. तुमची ग्रॅच्युइटी पूर्ण देणार. वरती एक लाख माझ्याकडून. टेन्शन नथी लेवानुं.’’

‘‘आणि नाही दिली सही तर?’’

‘‘मग मॅडम, लॉग काय म्हणतो तेच धरलं जाईल,’’ चेतन म्हणाला. ‘‘तो तर तुमचंच नाव म्हणतो. मग फ्रॉड. फ्रॉड झाला तर ग्रॅच्युइटी अडकते.’’ हे त्याने इतक्या काळजीने सांगितलं की एखाद्याला वाटावं, फ्रॉड म्हणजे हवेतून येणारा काही आजार आहे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ‘‘चेतन, तू मला चहाला पाठवायचास तेव्हा माझे डोळे चांगले होते रे,’’ मी म्हटलं आणि पत्र तिथेच टाकून बाहेर आले.

घरी ह्यांना सांगितलं. हे तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवत आले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, ‘‘एक लाख वरती देतायत म्हणतेस?’’ मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, ‘‘नाही, नुसतं विचारलं.’’ मी त्यांच्याशी भांडले नाही. कर्जाचा हप्ता त्यांच्या पेन्शनमधून जातो, माझ्या तत्त्वांमधून नाही. पण रात्रीच्या भाकरीबरोबर त्यांना पिठलं वाढलं, आणि त्यांना पिठलं आवडत नाही.

ऑडिट फर्मकडून आली ती केतकी. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली आणि तिला आमचंच झाकण. तिने पहिल्या दिवशी हर्षलशेठना सरळ विचारलं, ‘‘सगळे एकाच नावाने काम का करतात?’’

‘‘शुकन,’’ शेठ म्हणाले.

तिने दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं : ‘पारंपरिक कारणे.’

मग तिने एकेकाला बोलावून चारशे बारांची यादी दाखवली. चेतनने सगळ्याला हात वर केले. खरेदीवाल्याने वर केले. पगारवालीने वर केले. हर्षलशेठ म्हणाले, मला तर सॉफ्टवेअर उघडताही येत नाही, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पिशवीतून कागद काढले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सव्वीस तारखेपासून आठ दिवस मी रजेवर. एकोणतीस तारखेला दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी माझ्या नावावर सोळा बदल. म्हणजे एका डोळ्याला पट्टी बांधून, आमलीतल्या घरी कॉटवर पडल्या पडल्या, मी मसाटच्या गोदामात अठ्ठावीस टन दाणा वाढवला होता.

केतकीला हसू आलं. ‘‘हे चांगलं आहे, मॅडम. यावरून हे नाव बाकीचे वापरत होते हे सिद्ध होतं. आणि ते वापरत होते म्हटल्यावर यातलं काहीच तुमच्यावर शाबीत करता येणार नाही.’’ तिने पान उलटलं. ‘‘सगळ्यांचं उत्तर एकच आहे, ‘मी नाही केलं’. तुमचंही तेच लिहू ना? मग सही करा, सुटलात.’’

मी पेन उचललं होतं. म्हटलं, यादी एकदा बघू दे. सव्वीस वर्षांची सवय, न वाचता सही करत नाही.

सातव्या पानावर ती नोंद होती. एकोणीस डिसेंबर दोन हजार तेवीस, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. नऊ गोण्या दाणा, आधी ‘तूट’, नंतर ‘ओलसर निघाला, नापास’. तिच्यासमोर लाल पेनाने वर्तुळ होतं.

‘‘हे वर्तुळ कशाचं?’’

‘‘ही एकच नोंद अशी आहे की जिचा एका माणसाला फायदा झाला. गोदामातल्या हमालाच्या पगारातून साडेबावीस हजार कापले जाणार होते, ते वाचले. चेतन सरांचं म्हणणं आहे की त्या हमालाने माल विकला आणि कुणाला तरी पैसे देऊन नोंद बदलून घेतली. नाव... नथू. पोलीस तक्रार करायचं म्हणतायत.’’

नथू शहाद्याकडचा. मसाटला चाळीत एका खोलीत राहतो. लिहिता-वाचता येत नाही, गोदामाच्या वहीवर अंगठा देतो. त्या डिसेंबरात चेतनच्या मेहुण्याने फोर्कलिफ्ट गोण्यांच्या थप्पीत घातली. नऊ गोण्या फुटून दाणा ऑइलमध्ये सांडला आणि झाडून मागे टाकला गेला. वहीवर अंगठा नथूचा, म्हणून तूट नथूची. तेरा हजार पगाराच्या माणसावर साडेबावीस हजार. नथू माझ्यापाशी येऊन म्हणाला होता, ‘‘बाई, मी काय करू? माले तं काही समजस नही.’’ तो रडला नव्हता, नुसता उभा राहिला होता. दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा मी बसले आणि ती नोंद बदलली. खरं कारण लिहिलं असतं तर मेहुण्याचं नाव घ्यावं लागलं असतं. ते धाडस मला झालं नाही. म्हणून ‘ओलसर’ लिहिलं आणि गुणवत्ता तपासणीच्या रकान्यात स्वतःच ‘नापास’ टाकलं. झाकणाच्या दाण्यातलं मला काय कळतं? पण टाकलं.

पेन माझ्या हातात होतं. ‘मी नाही केलं’ एवढं लिहिलं की पावणेपाच लाख माझे आणि पोलीस नथूच्या दारात.

‘‘ही माझी आहे,’’ मी म्हटलं.

केतकीने मान वर केली. ‘‘मॅडम, नीट विचार करून बोला. मी ‘सुनंदा’ या लॉगिनबद्दल विचारत नाहीये. तुम्ही, स्वतः?’’

‘‘मी स्वतः. नथूला ठाऊकसुद्धा नाही कशी बदलली ते.’’ आणि मग फोर्कलिफ्टपासून सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं. मेहुण्याच्या नावापुढे कंस करून तिने ‘पुरावा नाही’ असं लिहिलेलं मला उलटं दिसलं. उठताना तिने माझ्या दंडाला हात लावला आणि ‘‘काकू, कशाला हो,’’ एवढंच म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. तिच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, इतकंच.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. चारशे अकरा नोंदी : ‘सामायिक लॉगिनमुळे जबाबदार व्यक्ती निश्चित करता येत नाही. व्यवस्थापनाने यंत्रणा सुधारावी.’ एक नोंद : ‘कर्मचारी सुनंदा यांनी जाणूनबुजून खोटी नोंद केल्याचे मान्य केले आहे.’ म्हणजे तीस टन दाणा तीस महिने ये-जा करत होता आणि तो कुणी आणला नि नेला हे देवालाच माहीत. नऊ गोण्यांचा गुन्हेगार मात्र सापडला. कारण तो बोलला.

हर्षलशेठनी तत्काळ कारवाई केली. मला काढलं, ग्रॅच्युइटी रोखली, प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. बँकेला फार बरं वाटलं. गैरप्रकार करणारी व्यक्ती ओळखली गेली, दूर केली गेली, यंत्रणा सुधारली. नऊच्या जागी सात कोटी मंजूर झाले. ‘सत्यमित्रा’नेही कंपनीला एक्क्याण्णव गुण दिले. माझ्यामुळे कंपनी किती मागे पडली होती ते त्यावरून सगळ्यांच्या लक्षात आलं.

ह्यांनी या वेळी चष्मा पुसला नाही. ग्रॅच्युइटीसाठी अर्ज लिहून दिला आणि आम्ही तो कामगार कार्यालयात टाकला. तिथे त्यावर तारीख मिळाली, मार्चमधली.

पुढच्या पगाराचा दिवस उलटून गेल्यावर एका रविवारी सकाळी नथू आमलीला घरी आला. नवा शर्ट, हातात खानवेलच्या बाजारातून आणलेली सीताफळं आणि घडी घातलेली पगाराची चिठ्ठी. दारातच चपला काढून, आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसला.

‘‘बाई, पगार कमी उना. साडेसात हजार कमी. चेतनसाहेब म्हने, तुम्ही खोटी नोंद कबूल केली ना, मग ती उलटी फिरवनी पडस. तीन महिने कापतीन.’’

चारशे अकरा नोंदींना धनी नव्हता म्हणून त्यांना कुणी हात लावला नव्हता. एकीला धनी होता, म्हणून सबंध हिशेबात तेवढी एकच दुरुस्त झाली, आणि ती नथूच्या पगारातून. मी खोटं लिहिलं तेव्हा त्याचे पैसे वाचले होते. मी खरं बोलले आणि ते गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते लपवलं नाही.

‘‘रडू नका, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘पैसा जाई तं जाई, मी कमाई लिसू. तुम्ही पोलीस येऊ दिले नहीत ना, बस. पन एक वाचून सांगा. मन्ही बायको इचारी राहिनी.’’ त्याने चिठ्ठी पुढे केली. ‘‘हाई कापेल शे, त्याच्यापुढे काय लिखेल शे? चोरी तं नही ना लिखेल?’’

मी चिठ्ठी उघडली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पगार कापण्याची कारणं आयती दिलेली असतात. उचल, कॅन्टीन, गणवेश आणि अशी आणखी काही. त्यांत ‘तूट’ नसावी. चेतनने आपल्या मते जवळचं निवडलं होतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं : ‘थेफ्ट रिकव्हरी’. चोरीची वसुली.

नथू माझ्या तोंडाकडे बघत होता.

‘‘नाही रे,’’ मी म्हटलं. ‘‘तूट लिहिलंय. मालाची तूट.’’

त्याचा चेहरा सुटला. ‘‘हां, मंग ठीक शे. तूट कोनाचीबी पडस.’’ चिठ्ठी मी मागून घेतली, म्हटलं, अर्जाला लावायची आहे, उद्या परत देते.

सोमवारी सकाळी आमली नाक्यावरून शेअरच्या गाडीने मसाटला गेले. गेटवरचा वॉचमन ओळखीचा, त्याने आत सोडलं. चेतन माझ्याच टेबलापाशी बसला होता, माझ्याच खुर्चीत, फक्त आता त्याच्या स्वतःच्या नावाने. मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

‘‘हे बदल.’’

त्याने वाचलं आणि खांदे उडवले. ‘‘मॅडम, लिस्टमध्ये जे होतं त्यातलं टाकलं. आता नाही बदलता येत.’’

‘‘का?’’

‘‘लॉगमध्ये दिसेल ना.’’

मी हसायला लागले. मला आवरेचना. पगारवाली खाली मान घालून स्क्रीनकडे बघत राहिली. चारशे अकरा बदल करून ज्याने तीस-तीस टन हलवले त्याला एका शब्दाची भीती वाटत होती, कारण आता त्या शब्दाखाली त्याचं नाव येणार होतं.

‘‘दिसू दे,’’ मी म्हटलं. ‘‘पैशांचं कामगार कार्यालय बघेल. पण चोरी लिहिलीस ना, तर तिची तक्रार कुठे आहे? पंचनामा कुठे आहे? मी नथूला घेऊन आत्ता समोरच्या चौकीत जाते आणि सांगते, याच्यावर चोरी लावलीय, तपास करा. मग ते गोदाम बघतील. फोर्कलिफ्ट कोण चालवत होतं तेही विचारतील. मी आता इथे नोकरीला नाही, चेतन. माझं काय अडकवून ठेवशील?’’

त्याने शेठच्या केबिनकडे पाहिलं. केबिन रिकामी होती, शेठ नव्या प्लॉटच्या भूमिपूजनाला गेले होते. मी समोरची खुर्ची ओढून बसले. चहाला जाणार नाही हे त्याला दिसत होतं.

मग त्याने स्वतःचा पासवर्ड टाकला. कीबोर्डवर हात झाकून टाकला, अगदी शिकलेल्या माणसासारखा. कारणाच्या जागी ‘इतर’ निवडलं आणि पुढे लिहिलं, ‘मालाची तूट’. पडद्याने विचारलं, बदल का करत आहात? तो माझ्याकडे बघायला लागला.

‘‘खरं ते लिही,’’ मी म्हटलं.

त्याने लिहिलं : ‘आधीची नोंद चुकीची होती.’ खाली तारीख आली, वेळ आली आणि त्याच्याखाली आलं : चेतन, बदल क्रमांक १.

मी नवी चिठ्ठी छापून घेतली, तिथेच उभी राहून दोनदा वाचली आणि गोदामाकडे निघाले. आता नथूने ती कुणाकडूनही वाचून घेतली तरी हरकत नव्हती.